कोथरूडचा आकडा, हिंजवडीचा आकडा

‘आमच्या भागात कॅन्सर फार वाढलाय’ हे नुसत्या रुग्णसंख्येवरून ठरत नाही. पुण्यातच बघा: कोथरूडमध्ये आजी-आजोबा जास्त, हिंजवडीत तिशीतले भाडेकरू. कॅन्सर वयाबरोबर वाढतो, त्यामुळे लाखामागचा कच्चा दर काढला की कोथरूड वर जाणारच. म्हणून पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडायचे, प्रत्येकाचा दर काढायचा, प्रमाण लोकसंख्येतल्या (तुलनेसाठी सगळीकडे एकच धरलेल्या वयरचनेतल्या) त्या गटाच्या वाट्याने गुणायचा आणि बेरीज करायची. स्त्री-पुरुष वेगळे, अवयवही वेगळे. 2012-16 मध्ये पुरुषांचा असा वय-समायोजित दर मिझोराममधल्या ऐझॉलला लाखामागे 269.4 होता, उस्मानाबाद-बीडला 39.5. इतका फरक नुसत्या वयाने पडत नाही.

खरी मेख छेदात, म्हणजे लोकसंख्येत. बरेच हिशेब अजून 2011 च्या जनगणनेवर चालतात. वाघोली तेव्हा गाव होतं, 2021 मध्ये महापालिकेत आलं. वर आजचे रुग्ण, खाली 2011 ची लोकसंख्या: दर फुगणारच!

अंशही, म्हणजे रुग्णांचा आकडाही, साधा नाही. बारामतीचा रुग्ण उपचारासाठी सदाशिव पेठेतल्या बहिणीचा पत्ता देतो. पत्ता आणि तिथे किती काळ राहतोय, दोन्ही विचारायला हवं. शिवाय बायोप्सी एका लॅबमध्ये, केमो दुसरीकडे. नाव-वय जुळवलं नाही तर एकाचे दोन होतात.

आणि प्रभागात वर्षाला 4 रुग्ण असतील, तर 95 टक्के मर्यादा (योगायोगाचा चढउतार धरून खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण 1 ते 10. चाराचे सात झाले म्हणून लगेच मोबाइल टॉवरकडे बोट नको. आधी पाच वर्षं एकत्र करा, आणि मधे मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं) शिबिर झालं होतं का तेही बघा; तपासणी वाढली की सापडणारे रुग्णही वाढतात.