पाच एचपीची मोटर, एका घोड्याचं पाणी

रिवायंडिंग केलेल्या, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं भरलेल्या मोटरीनं पाणी कमी दिलं की गिऱ्हाइकाचा पहिला संशय तारेवर. 'हलकी तार भरलीस.' कडोलीकडच्या एका तात्यांनी दुकानात येऊन चारचौघांत मला हेच ऐकवलं. विहिरीतली पाच एचपीची पाणबुडी मोटर. बसवली तेव्हा पाट भरून वाहत होता, आता कोबीच्या चार सऱ्या भिजायला अख्खी सकाळ जायली म्हणे. "पैसे परत दे, नाहीतर मोटर वर काढून इथं आणून टाकतो बघ."

बेळगावात या धंद्यात एकदा नाव गेलं की गेलंच. थ्री फेज यायच्या वेळेला त्यांच्या मळ्यात हजर झालो.

स्टार्टर टाकला, टाँग टेस्टर लावला. तिन्ही फेजला आठ-आठ अँपिअर, व्होल्टेज ४००. वाइंडिंगमध्ये खोट असती तर एखाद्या फेजचा आकडा तरी भलतीकडं गेला असता. "मोटर चांगली आहे, तात्या." ते शांतपणे म्हणाले, "मग अँपिअर घालू काय कोबीला?"

बोलणं झोंबलं, पण चुकीचं नव्हतं. मोटर किती वीज खाते एवढंच टेस्टर सांगतो. तिनं काम किती केलं ते पाणी मोजल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्या धंद्यात ते सहसा कोणी मोजत नाही.

तात्यांचा नातू मराठी शाळेत एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. त्याला हाताशी घेतलं. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, काठापासून पाणी १४ मीटर खाली. टाकी वरच्या पट्टीत. काठापासून पाईपच्या तोंडापर्यंतचा चढ गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं टप्प्याटप्प्यानं मोजला, तो ४ मीटर. एकूण १८. पोरगं लगेच म्हणालं, "काका, पाईप तर केवढा लांब आहे. अंतर तेच धरायचं न्हवं?" म्हटलं, आपण पाणी उचलायचं काम मोजतोय. त्यात उभी उंचीच धरायची. आडव्या पाईपात घर्षणानं थोडी ताकद जाते, पण ती या हिशेबात येत नाही.

२०० लिटरचं बॅरल तोंडाखाली लावलं. भरायला ४५ सेकंद. टाकीच्या गिलाव्यावर पोरानंच कोळशानं मांडलं: २०० लिटर म्हणजे २०० किलो, २०० × ९.८ × १८ = ३५,२८० ज्यूल, हे कार्य. भागिले ४५, म्हणजे ७८४ वॅट, ही शक्ती. एक एचपी, म्हणजे एका घोड्याची शक्ती, ७४६ वॅट. पाच घोडे जुंपलेत आणि ओढतोय जेमतेम एक.

विजेकडून १.७३ (थ्री फेजचा ठरलेला गुणक) × ४०० व्होल्ट × ८ अँपिअर, आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरोखर कामी येणारा वाटा, ०.८ धरला तर साधारण ४,४०० वॅट आत जात होते. शंभरातले अठराच पाण्याला मिळत होते.

तात्यांना आता रस वाटायला लागला. "आमच्या बाच्या मोटेचा कर की हिशेब." समजा मोटेत १२० लिटर, उचल १० मीटर आणि मिनिटाला दोन खेपा थारोळ्यात. एका खेपेला ११,७६० ज्यूल, भागिले ३०: ३९२ वॅट. नाडा, चामडं यांचं वजन वेगळंच. "म्हणजे दोन जोड्या बैल जुंपले असते तरी एवढं पाणी आलं असतं, लाईट नसताना," म्हणून ते हसले. घोड्याचं हे माप जेम्स वॅटनं बसवलं, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. घोडे सोडून वाफेचं इंजिन घ्या हे लोकांना पटवायला. त्यालाही गिऱ्हाईकच समजवायचं होतं.

पण घोडे गेले कुठं? इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक, नवा; पाईप कुठं ओला नाही. तेवढ्यात बांधावरून शेजारी ओरडला, "आमचंबी तसंच हाय!" मग मी विचारलं, टीसी, म्हणजे लाईनीचा ट्रान्सफॉर्मर, बदललाय काय? मागच्या आठवड्यात जळाला होता, दुसरा आणून बसवलेला.

उत्तर मिळालं. तीन फेजपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आणि सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, ही खरी गोम. पात्यांचा बाक उलटा पडतो, म्हणून कमी देतो एवढंच. काठावर बसवायची मोनोब्लॉक मोटर असती तर फिरताना दिसली असती. पाण्यात बुडालेलीचं काय दिसणार!

मेन बंद करून स्टार्टरमधल्या दोन वायरी बदलल्या. बॅरल १८ सेकंदांत भरलं. १,९६० वॅट. अँपिअर नऊवर गेले, आत जवळपास ५,००० वॅट. आता शंभरातले ३९ पाण्याला. विहिरीच्या पंपाला हे ठीकच. तात्यांनी पैशांचा विषय पुन्हा काढला नाही, माफीचाही नाही.

लाईनमनला फोन लावला. "हौद्री," म्हणजे कानडीत 'होय', म्हणाला; घाईत जोडणी झाली होती, संध्याकाळी टीसीवरच नीट करतो. म्हणजे आज ज्यांनी आपल्या वायरी बदलल्या, त्यांच्या मोटरी संध्याकाळी पुन्हा उलट्या! तात्यांच्या दोन वायरी होत्या तिथं परत लावल्या आणि नातवाला बांधाबांधानं पिटाळलं, स्टार्टरला कोणी हात लावू नका म्हणून सांगायला. पलीकडच्या मळ्यात मात्र एकानं चेनपुली लावून मोटर अर्ध्यावर वर ओढलेली होती.