लेन्स ठणठणीत होती

आधीच्या दुकानाच्या पावतीवर लिहिलं होतं : ‘फोकस मोटर निकामी, बदलावी लागेल.’ खाली खर्चाचा आकडा. तो पाहून इंदापूर तालुक्यातले ते गुरुजी थेट पुण्याला आमच्या रिपेअरिंगच्या टेबलापाशी आले होते. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी उजनीच्या बॅकवॉटरला होडीतून पक्षी टिपायचे, हा त्यांचा छंद. कॅमेरा कॅननचा 7डी, लेन्स 400 मिमी एफ/5.6, आणि मध्ये नुकताच सेकंडहँड घेतलेला 1.4 पटीचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग.

“ताई, फोकस लागत नाही म्हणजे अजिबात नाही. मोटरचा आवाजसुद्धा येत नाही. आणि अ‍ॅपर्चर 8 च्या खाली उतरत नाही.”

या शेवटच्या वाक्यातच निदान होतं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक; त्याचा एफ-आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. मी कन्व्हर्टर काढला, लेन्स सरळ बॉडीला लावली आणि समोरच्या मेडिकलच्या पाटीवर रोखली. फोकस क्षणात लागला. मोटरला काहीही झालेलं नव्हतं. कन्व्हर्टर लावला, की कॅमेरा फोकस करायचा प्रयत्नच करत नव्हता. कारण त्याला तशीच आज्ञा आहे.

गुरुजींना हे पटेना. “पण कन्व्हर्टर नसताना मी एफ/11 ठेवून फोटो काढतो तेव्हा फोकस लागतो की. मग 8 ला का नको?”

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच असतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण आकडा काहीही ठेवला तरी फोकस होताना लेन्सचं भोक पूर्ण उघडं असतं. ठरवलेल्या आकड्यापर्यंत ते मिटतं ते बटण पूर्ण दाबल्यावर, फोटो निघताना. म्हणून फोकससाठी निवडलेलं अ‍ॅपर्चर महत्त्वाचं नाही. लेन्स जास्तीत जास्त किती उघडते ते महत्त्वाचं. 400 या फोकल लांबीला 5.6 ने भागलं की भोकाची रुंदी येते, सुमारे 71 मिलिमीटर. कन्व्हर्टर लावल्यावर ते 71 तसेच राहतात, पण फोकल लांबी 560 होते. भागून पाहा, 8 च्या आसपास येतं. 8 च्या खाली जायला जागाच उरत नाही.

मग 8 ला अडचण काय? आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. हा सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या दोन प्रतिमा ताडून पाहतो. हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटा, अंगठा जागचा हललेला दिसतो, तसंच. त्या प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्यात यावरून लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची ते ठरतं. सेन्सर लेन्समधल्या कुठल्या दोन जागांतून पाहणार हे कारखान्यातच पक्कं झालेलं असतं. 7डीमध्ये त्या जागा एफ/5.6 च्या वर्तुळात बसतील अशा आहेत. फोकसच्या मधल्या बिंदूला एफ/2.8 साठी आणखी रुंद अंतराची जोडीही आहे, म्हणून मोठ्या तोंडाच्या लेन्सवर तो जास्त अचूक चालतो. एफ/8 ला वर्तुळ आक्रसतं आणि त्या जागांवर काठाची सावली येते.

कन्व्हर्टरचे तीन संपर्कबिंदू टेपने झाकले तर कॅमेऱ्याला कन्व्हर्टर कळत नाही आणि तो प्रयत्न करतो, ही युक्ती गुरुजींनी ऐकली होती. नुसतं नाही म्हणण्यापेक्षा मी टेप लावली आणि आम्ही गच्चीवर गेलो. भर उन्हातल्या होर्डिंगच्या अक्षरांवर फोकस लागला. गुरुजींचा चेहरा खुलला. मग मी टाकीच्या सावलीतलं कबूतर दाखवलं. लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली, थांबेचना. ऑस्प्रेसारखा मासेमार शिकारी पक्षी मिळतो पहाटेच्या धुक्यात, होर्डिंगवर नाही. टेप मी काढून टाकली.

एक मात्र कबूल करायला हवं : एफ/5.6 ची ही रेघ पूर्णपणे भौतिकशास्त्राने आखलेली नाही. याच बॉडीवर 600 ला एफ/6.3 असलेली टॅमरॉनची झूम फोकस करते, म्हणजे थोडी ढील आहेच. कॅननने 2013 मध्ये आपल्या 5डी मार्क थ्री कॅमेऱ्याला फर्मवेअरमधून, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमधून, मधल्या बिंदूपुरता एफ/8 चा फोकस दिला. 7डीला तो कधीच मिळाला नाही. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत चित्राच्या सेन्सरवरच फोकस होतो, त्यामुळे 2020 मध्ये आलेल्या एफ/11 च्या 600 आणि 800 च्या लेन्सही तिथे चालतात, फक्त फोकसचं क्षेत्र मध्यभागापुरतं उरतं.

मला राग आला तो पावतीचा. कन्व्हर्टर काढून एकदा बटण दाबलं असतं तरी खरं कळलं असतं. चांगली मोटर उघडून बदलली असती, पैसे घेतले असते, आणि कन्व्हर्टर लावल्यावर फोकस तरीही लागला नसता.

मी आमच्या कार्डावर ‘लेन्समध्ये दोष नाही’ असं लिहून सही केली. बसलेल्या पक्ष्यासाठी मागच्या स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हाताने फोकस कसा करायचा ते दाखवलं. उडत्या पक्ष्यासाठी कन्व्हर्टर काढून नुसती 400 वापरा म्हटलं. पुढेमागे बॉडी बदलायचीच झाली, तर सेकंडहँड 7डी मार्क टू बघा. त्यात एफ/8 ला फक्त मधला बिंदू चालतो. पैसे देण्याआधी हीच लेन्स आणि हाच कन्व्हर्टर त्यावर लावून, सावलीतल्या वस्तूवर फोकस करून बघा, हे त्यांना दोनदा सांगितलं.