बडीशेपेचा गड्डा: निवडण्यापासून चिरण्यापर्यंत, माझा अनुभव

बडीशेप म्हटलं की आपल्याला दाणेच आठवतात. जेवणानंतरचा मुखवास, उन्हाळ्यात वरियाळीचं (गुजरातीत बडीशेपेला वरियाळी म्हणतात) सरबत, गोड लोणच्याचा मसाला, आणि आम्ही तर गुजरातेत राहतो, ऊंझ्याचं मार्केट जिऱ्याइतकंच वरियाळीसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे दाण्याचं काय सांगायचं. पण ह्याच झाडाचा एक प्रकार असा आहे की त्याचा खालचा फुगलेला पांढरा भाग भाजी म्हणून खातात, इटलीत तो अगदी रोजच्या जेवणातला. दाण्यासाठी आपल्याकडे जी लावतात तिला असा गड्डा धरत नाही, ही जात वेगळी, फ्लॉरेन्स फेनेल म्हणतात तिला. वडोदऱ्यात आता थंडीत काही मोठ्या दुकानांत तो मिळायला लागलाय आणि मला तो मनापासून आवडलाय, म्हणून हे लिहितेय. रेसिप्या नेटवर ढीगभर आहेत पण बहुतेक ठिकाणी "फेनेल चिरून घ्या" एवढंच असतं, आणि माझं म्हणणं असं की ह्या भाजीत चव अर्धी चिरण्यातच ठरते.

उत्तरायण झालं, उंधियुं जलेबी खाऊन सगळ्यांची पोटं जड झाली होती, पुढच्या रविवारी दीर-जाऊ, नणंद, मुलं सगळे आमच्याकडे दांडिया बाजारला जेवायला येणार होते, तर काहीतरी हलकं करावं म्हणून मी गड्डे आणले. आमची नेहमीची भाजी खंडेराव मार्केटमधून, तिथल्या ओळखीच्या भाजीवाल्या बेनला मी पिशवीतून काढून दाखवला तर तिने पाला चोळून वास घेतला आणि म्हणाली "आ तो वरियाळी छे!" आणि बाजूच्या दोघींना पण वास द्यायला लावला.

निवडताना हाताला घट्ट आणि वजनदार लागला पाहिजे, रंग पांढरा किंवा फिक्का हिरवा, तडे नकोत, बुडाशी तपकिरी डाग नकोत. वर पाला असेल तर उत्तमच कारण पाला ताजा म्हणजे गड्डा ताजा, दुकानवाले पुष्कळदा तो कापून टाकतात तेव्हा देठांची कापलेली टोकं बघायची, सुकलेली असतील तर सोडून द्यायचं. मधून फुलाचा दांडा वर आलेला असेल तर अजिबात घेऊ नका. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की हे झाड दाण्याच्या मागे लागतं आणि गड्डा कडक, दोरेदार होतो, म्हणूनच ही थंडीतली भाजी. मध्यम आकाराचा घ्यावा, पाव किलोच्या आसपास, फार मोठ्याचे बाहेरचे थर जून असतात.

आता साफ करणं. आधी वरचे देठ कापायचे, गड्ड्याला लागून नाही, बोटभर ठेवून. पाला खुडून वेगळा ठेवायचा, देठ वेगळे. बुडाची चकती सुकलेली असते तेवढीच पातळशी काढायची, जास्त खोल कापलं तर थर सुटे होतात. बाहेरचा थर काढून टाकायची घाई करू नका, त्याच्या पाठीवरचे दोरे पीलरने काढले की तो खाण्यासारखाच असतो, अगदीच काळवंडला असेल तरच टाकायचा. मग उभे दोन भाग करायचे आणि नळाखाली थर जरा फाकवून धुवायचे. हे धुणं महत्त्वाचं आहे कारण गड्डा पांढरा आणि कोवळा राहावा म्हणून शेतात पुष्कळदा त्याला माती चढवतात आणि ती माती थरांच्या फटीत बसते, बाहेरून अख्खा कितीही धुतला तरी ती निघत नाही.

दोन भाग केले की आत खाली एक टणक पांढरा त्रिकोण दिसतो, तो गाभा. इथे जरा थांबून नीट बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. दिसायला कांद्यासारखा असला तरी हा जमिनीखालचा कंद नाही, पानांच्या देठांची बुडं फुगून एकावर एक बसलेली असतात आणि तो गाभा म्हणजे झाडाचं आखूड खोड, सगळे थर त्यालाच चिकटलेले. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, दोरे खालून वर उभे जातात. दुसरी, गाभा आहे तोवर थर एकत्र, गाभा काढला की सगळं सुटं. एवढं डोक्यात बसलं की कुठल्या पदार्थाला कसं चिरायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. कच्चं खायचं तर दोऱ्यांना आडवं आणि पातळ चिरायचं, दोरे तुटून बारीक होतात आणि दातात येत नाहीत. भाजून किंवा वाफवून अख्ख्या फोडी हव्या असतील तर उभं चिरायचं आणि प्रत्येक फोडीला गाभ्याचा तुकडा राहू द्यायचा, शिजताना फोड उलगडत नाही, आणि तो टणक गाभा शिजल्यावर इतका मऊ आणि गोडसर होतो की आमच्या मुलांनी तोच आधी खाल्ला.

कोशिंबिरीला पातळ काप पाहिजे होते. मी बोर्ड-सुरी घेऊन गाभा तिरका कापून काढायला बसले, बहुतेक ठिकाणी तसंच सांगतात, तर सासूबाई विळी घेऊन आल्या, म्हणाल्या "अगं गाभा आधी कशाला काढतेस, तोच मुठीत धरून चिर की." मी म्हटलं आई तुम्हीच दाखवा. त्यांनी अर्धा भाग गाभ्याच्या बाजूने मुठीत धरला आणि देठाच्या टोकाकडून पात्यावर आडवे काप पाडत पाडत खाली आल्या, थर शेवटपर्यंत एकत्र राहिले, काप अगदी कागदासारखे, आणि शेवटी हातात फक्त गाभ्याचा तुकडा उरला. मला हे इतकं आवडलं! गाभा काढून मग चिरलं की थर सरकतात, बोटं सांभाळावी लागतात, आणि इथे गाभाच मूठ झाला. सुरीने करायचं असेल तरी हीच युक्ती चालते, कापलेली बाजू बोर्डवर पालथी ठेवायची, बुडाशी धरायचं आणि देठाकडून सुरुवात करायची.

काप लगेच बर्फाच्या पाण्यात टाकले, दहा-पंधरा मिनिटं, त्यात अर्धं लिंबू पिळलेलं. गार पाणी पिऊन काप कुरकुरीत होतात आणि लिंबामुळे काळे पडत नाहीत, नाहीतर चिरून ठेवलं की हवेने कडा तपकिरी व्हायला लागतात. पण तासभर बुडवून ठेवू नका, चव पाण्यात जाते. पाणी पूर्ण निथळून, फडक्यावर टिपून मग मीठ, लिंबू, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, भरड शेंगदाण्याचं कूट. संत्रं आणि हा गड्डा ही जोडी सिसिलीतली, दाण्याचं कूट आमचं. दही घातलं नाही आणि मोहरी-हिंगाची फोडणी तर मुळीच नाही, माझं स्पष्ट मत आहे की हिंग ह्या वासाला खाऊन टाकतो.

फोडींचं असं केलं की एका गड्ड्याच्या आठ उभ्या फोडी, जाड बुडाच्या कढईत तेल आणि थोडं तूप, आणि कापलेली बाजू खाली ठेवून चार-पाच मिनिटं अजिबात हलवायचं नाही, छान तांबूस झाली की उलटायची, मीठ, दोन चमचे पाणी, झाकण, मंद गॅसवर दहा-बारा मिनिटं. सुरी सहज आत गेली की झालं. कच्चं असताना जो बडीशेपेचा जोरदार वास येतो तो शिजल्यावर खूप सौम्य होतो, ज्यांना नुसती बडीशेप आवडत नाही त्यांनाही हे आवडतं, माझे दीर त्यातले. हा वास ज्यामुळे येतो ते अ‍ॅनेथोल, दाण्यातही तेच आणि चक्रीफुलातही तेच, ते पाण्यात फारसं विरघळत नाही पण तेला-तुपात छान उतरतं, म्हणून मी हा पाण्यात उकडत नाही, तुपावरच परतते. ओव्हन असेल तर २०० डिग्रीवर अर्धा तास, मधे एकदा उलटायच्या.

उरलेल्या एका गड्ड्याचे बारीक चौकोनी तुकडे करून दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या भाजीत घातले, तिथे दिशा वगैरे बघावी लागत नाही, फक्त तुकडे सारखे हवेत आणि बटाट्याच्या आधी परतायला टाकायचे कारण त्यांना वेळ लागतो. फोडणीला फक्त जिरं, ते ह्याच कुळातलं, जुळतं.

पाला बघायला हुबेहूब शेपू पण चव गोड बडीशेपेची. बारीक चिरून थोडा कोशिंबिरीवर आणि बाकी सगळा सासूबाईंनी थालीपिठाच्या पिठात घातला. तो शिजवत बसू नका, शेवटी वरून घाला नाहीतर वास उडतो. देठ मात्र दोरेदार असतात, कोवळे असतील ते चकत्या करून भाजीत जातात, जून असतील ते टोमॅटोच्या सारात अख्खे टाकून उकळायचे आणि वाढताना काढून घ्यायचे, साराला फार छान वास लागतो.

गड्डा आणला की देठ-पाला त्याच दिवशी कापून वेगळा करा, पाला लागून राहिला तर गड्ड्यातलं पाणी ओढून घेतो आणि गड्डा मऊ पडतो. गड्डा ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच दिवस चांगला राहतो, पाला मात्र दोन दिवसात वापरून टाका, आणि जून देठ लगेच लागणार नसतील तर तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवले तरी साराला चालतात.