आमची वाटचाल: काळ्या कागदावरचे कोळी

कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, तर माइट नावाचा भिंगातून दिसणारा बारीक जीव, तो विकतो म्हटलं की शेतकरी हात जोडायचे. लाल कोळ्यानं ज्याचं वांगं वाळवलंय, त्याला 'आमचा कोळी पीक नासवणारे फुलकिडे खातो' हे पटवण्यातच पहिली दोन वर्षं गेली. शेवटी पाकिटावर 'मित्रकोळी' छापलं. तरी एकानं विचारलंच, "मित्र कुणाचा?"

लॅब नारायणगावात, टोमॅटोच्या पेठेत. आणि टोमॅटोवाल्याला आम्ही माल देत नाही. टोमॅटोच्या चिकट लवेत कोळी अडकून मरतो. हे तोंडावर सांगतो म्हणून धंदा छोटा राहिला, असं मेहुणा म्हणतो. म्हणू दे. आमचं गिऱ्हाईक शेडनेटमधली ढोबळी आणि काकडी.

लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि एक एसी. गव्हाच्या कोंड्यात खाद्यकोळी वाढवायचे, त्यांच्यावर परभक्षी, म्हणजे विकायचे शिकारी कोळी, पोसायचे. टब साबणाच्या पाण्याच्या परातीत उभे. मुंगी आत येऊ नये, आपला माल बाहेर पळू नये. ओलावा उतरला की अंडी सुकतात, चढला की कोंड्याला बुरशी. शून्य नंबरचा ब्रश, दहापट भिंग आणि काळा कार्डशीट, एवढ्यावर सगळं. भिंग अजून पहिलंच आहे, दांडी मात्र तीनदा बदलली.

मग 'तो' आला. नाव घेत नाही. आमच्या निम्म्या दरात पाकिटं, वर फुकट डेमो. ओतूरचे आबा, आमचं पहिलं गिऱ्हाईक, त्यातलं एक घेऊन आले. म्हणाले, "यातही हलतंय की रे." काळ्या कागदावर झटकलं, भिंग धरलं. पांढुरके, केसाळ, जागच्या जागी रांगणारे. नुसते खाद्यकोळी! परभक्षी थेंबासारखा, चकचकीत असतो. कागदावर पडला की धावतच सुटतो. त्या पाकिटात धावणारा एकही नव्हता. शेतकऱ्यानं पैसे मोजून कोंडा पसरला होता.

त्या हंगामात ढोबळीच्या फळांवर देठाशी फुलकिड्यांचे खरवडल्यासारखे चट्टे आले. तो गाशा गुंडाळून गेला, आणि 'कोंडेवाले' हे नाव आम्हाला चिकटलं. आमच्या पाकिटातही कोंडाच दिसतो ना! ऑर्डरी थांबल्या. त्यातच मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला, दुरुस्तीला पैसे नव्हते. पोसलेले टब एकेक करून मेले, तीन उरले. आबांनी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी नेले आणि माजघरात माठाच्या तिवईखाली ठेवले. अकरा दिवस. आजीनं म्हणे घरात झाडूसुद्धा जपून मारला. आज आमच्याकडचा प्रत्येक कोळी त्या तीन टबांच्या वंशातला.

2021 मध्ये आंध्र-तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी, म्हणजे थ्रिप्स पार्विस्पिनसनं, मिरची झोपवली. फवारे मारून लोक थकले, तेव्हा इकडेही फोन वाजू लागले. पुढची वर्षं बरी गेली.

विषय निघालाय तर सांगून टाकतो. फुलात बोट घातल्यावर फुलकिड्यांची रांग दिसली, की मग कोळी मागू नका. तो मोठ्या फुलकिड्याच्या वाटेला फारसा जात नाही. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं खातो. अंडी पानाच्या आत, कोष बहुतेक मातीत, तिथं त्याचं काही चालत नाही. ढोबळीला पहिली फुलं लागली की सोडा. फुलकिडे नसले तरी परागावर तग धरतो. निळे चिकट सापळे आधीच लावा आणि मोजा, नुसते टांगू नका. सायपरमेथ्रीन मारलं असेल तर कित्येक आठवडे आमच्याकडे येऊच नका. सकाळी कोळी सोडून संध्याकाळी 'जरा हलकंसं' फवारणारे महाभाग आहेत, आणि फोन त्यांचेच जास्त येतात.

तो निम्म्या दरवाला मधे एकदा फोनवर होता. मदर कल्चर, म्हणजे पैदाशीचे मूळ कोळी, विकत हवं होतं. मी दिलं नाही. बायको म्हणते, दामदुप्पट दर सांगायचास.

आबा आजही आमचं पाकीट काळ्या कागदावर झटकतात, मगच पैसे काढतात. गेल्या महिन्यात दोन परत पाठवली. पोरानं ती दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवली होती.