समेच्या आधीची मात्रा

जर्मनीतल्या पहिल्या प्रवेश परीक्षेत मी चुकलो ते पहिला स्वर वाजायच्या आधीच. कंडक्टिंगच्या, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांवर ऑर्केस्ट्रा चालवण्याच्या, परीक्षेला ऑर्केस्ट्रा मिळत नाही. दोन पियानो आणि दोन वादक असतात, त्यांनाच ऑर्केस्ट्रा समजायचं. मला दिली होती बेथोवनची पाचवी सिम्फनी. सी हा सा धरला तर तिची सुरुवात आपल्या सरगमीत ‘प प प ग’, मग ‘म म म रे’ अशी होते, गंधार कोमल. ऐकायला इतकं साधं. पण कागदावर पहिल्या पंचमाच्या आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती लिहिलेली आहे. कंडक्टरचा हात ज्या ठोक्याला खाली येतो, तिथे शांतता असते. त्या शांततेच्या पाठोपाठ सगळ्यांनी एकदम उडी घ्यायची.

मी हात खाली आणला. एक पियानो लगेच सुरू झाला, दुसरा मागून आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा परीक्षकांनी थांबवलं आणि स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेली वही, पियानोवर वाजवून दाखवायला सांगितलं. एका पानावर बारा-चौदा ओळी, व्हायोलाची किल्ली (ओळीवरचा कुठला स्वर कोणता हे ठरवणारी खूण) वेगळी, हॉर्न आणि क्लॅरिनेटचे स्वर लिहिलेले एक आणि ऐकू येणारे दुसरे. हे सगळं एका नजरेत वाचून दहा बोटांत बसवायचं. चौदाव्या वर्षापर्यंत माझ्या हातात फक्त पेटी होती. निकाल काय लागणार हे मला खोलीबाहेर पडतानाच कळलं होतं.

घरी आलो तेव्हा लगीनसराई चालू होती. आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. काका बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवतात. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या वरातींच्या मागे चालायचो, आणि थोडा मोठा झाल्यावर संध्याकाळी देवल क्लबात गाण्याच्या बैठका ऐकायला जायचो. खरा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, सकाळी उतरलो, दिवसभर फिरलो आणि संध्याकाळी एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकला. २००६ साली सुरू झालेला हा ऑर्केस्ट्रा वर्षात दोनदा हंगाम करतो. त्या रात्री मी वादकांपेक्षा समोर उभ्या माणसाच्या पाठीकडेच जास्त पाहत होतो. तो एकही स्वर वाजवत नव्हता, आणि तरीही सगळं त्याच्यापासून निघत होतं.

मुंबईचे कंडक्टर झुबिन मेहता १९५४ साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले आणि १९५८ साली लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकले. त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ सालीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. म्हणजे ऑर्केस्ट्रा त्यांच्या घरातच होता. आमच्या घरात बँड होता, आणि त्याची किंमत मला नापास होईपर्यंत कळली नव्हती.

काकांना मी परीक्षेत काय झालं ते सांगितलं. पाचव्या सिम्फनीची ती सुरुवात फक्त तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट मिळून वाजवतात. काका स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचत नाहीत. मी गाऊन दाखवलं, त्यांनी दोन मिनिटांत वाजवलं. मग त्यांच्या बँडमधला आणखी एक क्लॅरिनेटवाला बोलावला आणि मला म्हणाले, “आता दे हात.” मी दिला. दोघं पुढेमागे झाले.

“तू हात नुसता टाकतोस रं,” काका म्हणाले. “टाकायच्या आधी काय सांगतच न्हाईस. चाल कसली, जोर किती, हे हात वर जाताना कळाय पायजे. खाली आल्यावर कळून काय उपेग?”

मग त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि त्याचं टोक जरासं वर उचललं. तेवढंच. दुसऱ्याने त्याच क्षणी श्वास घेतला. वरातीत, एवढ्या गोंगाटात, वीस माणसं एकदम कशी सुरू होतात हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण उत्तर त्या उचललेल्या टोकात आहे हे मला दिसलं नव्हतं. तबल्यातही हेच आहे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन सम शोधत नाहीत, मुखडा उचलतानाच ती कुठे पडणार हे ठरलेलं असतं. कंडक्टरचं काम समेच्या आधीच्या मात्रेत आहे. तिथे श्वास, लय आणि जोर तिन्ही दाखवलं की खालचा ठोका आपोआप पडतो.

पुढचे आठ महिने मी फक्त ती मात्रा केली. आरशासमोर, आणि मोबाईलवर चित्रण करून, आवाज बंद ठेवून. बघताना लय ओळखू आली नाही, तर हात खोटा. स्कोअर इंटरनेटवरून उतरवायचे, मिरजकर तिकटीजवळ झेरॉक्स काढून स्पायरल करायचे. दर रविवारी काकांचे दोन क्लॅरिनेट, चर्चच्या क्वायरमधले दोन व्हायोलिनवाले आणि एक शास्त्रीय व्हायोलिनवादक दादा जमायचे. दादांची सगळी हयात मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवण्यात गेलेली. माझ्यासाठी ते खुर्चीवर बसले. बाकीची वाद्यं एका कीबोर्डवर. त्या पाच-सहा माणसांनी मला जितकं शिकवलं तितकं कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नाही, कारण माझा हात चुकला की ते चुकायचे आणि ते लगेच ऐकू यायचं.

पियानोला पर्याय नव्हता. रोज चार तास, आधी दोन ओळी, मग स्ट्रिंग क्वार्टेटच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या, चार ओळी. जर्मन भाषेची परीक्षा पुण्यात मॅक्स म्युलर भवनात दिली. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी पैशांचा हिशोब आधीच करावा. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठांना शिकवणीचं शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे असतात, आणि महिन्याला त्यातले ९९२ काढता येतात. रुपयांत ते बारा लाखांच्या आसपास जातं. आबांनी उसाचं बिल आलं ते सगळं माझ्या हातात दिलं, उरलेलं कर्ज. त्या दिवशी आई काही बोलली नाही, फक्त देवघरात जाऊन बराच वेळ बसली.

दुसरी परीक्षा वेगळ्या शहरात, वेगळ्या विद्यापीठात. आधी कानाची चाचणी: चार स्वर एकदम वाजले की खालून वर गाऊन दाखवायचे, वाजत असलेल्या तुकड्यातला चुकीचा स्वर पकडायचा. मग दोन पियानो. योगायोगाने पुन्हा तीच पाचवी सिम्फनी. मी हात उचलला, नाकाने श्वास घेतला, आणि दोन्ही वादकांचे खांदे माझ्याबरोबर वर गेलेले मला दिसले. त्यानंतरचे स्वर मला नीट ऐकूही आले नाहीत.

आता दुसरं वर्ष आहे. व्हायोलिनवाल्याचं वाद्य त्याच्या खोलीत असतं, आमचं नसतं. आमचं वाद्य म्हणजे साठ-सत्तर माणसं, आणि ती सेमिस्टरमध्ये मोजून काही मिनिटं मिळतात. बाकीचे दिवस पुन्हा दोन पियानो. पुढची वाट बहुतेकांची ऑपेरा हाउसमधून जाते: आधी कोरेपेटिटोर, म्हणजे पियानोवर बसून गायकांच्या तालमी घेणारा, मग जमलं तर एखाद्या रात्री उभं राहायला मिळतं. म्हणून पियानो अजून रोज चार तास चालूच आहे.

सुट्टीला घरी आलोय. आज संध्याकाळी काकांच्या बँडची वरात आहे. मागे चालणार आहे, आणि सगळा वेळ फक्त त्या क्लॅरिनेटच्या टोकाकडे बघणार आहे.