रांगोळीच्या नकाशावर गाव एकत्र आणताना: पाणलोटाचा माझा अनुभव

पाणलोटाच्या, म्हणजे डोंगरावरचं पाणी अडवून जिरवायच्या कामात एकाच डोंगरावर चार टोळ्या राबतात: श्रमदानाची मंडळी, बचत गटातल्या बाया, पोकलेनवाला आणि कृषी सहायक. तिथे खटके उडतात, कारण प्रत्येकाच्या डोक्यातलं शिवार वेगळं असतं. म्हणून कुदळ उचलण्याआधी एक सकाळ मी नकाशाला देतो.

देवळासमोरची जागा झाडून रांगोळीने शिवार काढायचं. निळ्या रंगाने ओढे, विटेच्या भुकटीने वाटा, विहिरींच्या जागी चिंचोके. कागद-पेन मी मुद्दाम टाळतो. पेन हातात आलं की एक शिकलेला माणूस काढतो आणि बाकीचे माना डोलावतात. ओघळी गुराख्यांना विचारायच्या. कोणती विहीर कधी तळ गाठते, हे पाणी भरणाऱ्या बायांइतकं कुणालाच माहीत नसतं.

खालच्या शेतकऱ्यांना आधी नाला खोल करून हवा असतो. तिथे भाषण चालत नाही. शेजारी मातीचा ढीग करून, पायथ्याशी नाल्यासारखी खाच पाडून झारीने पाणी सोडावं: गाळ थेट खालच्या खाचेत येऊन बसतो. मग ढिगावर बोटाने आडव्या चरी ओढून पुन्हा पाणी सोडावं. ‘माथा ते पायथा’, म्हणजे आधी वरचं काम आणि मग खालचं, असं का, हे सगळ्यांना एकदमच पटतं.

मग चर किती लागेल याचा हिशेब, तोही सगळ्यांसमोर. 1 हेक्टरवर 20 मिमी पाऊस म्हणजे 2 लाख लिटर. त्यातलं निम्मं वाहून जातं असं धरलं तर 1 लाख. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चरात मीटरमागे 180 लिटर मावतं, म्हणजे साधारण 555 मीटर चर हवा. हा आकडा नकाशाशेजारी खडूने लिहून ठेवायचा.

खरी चूक चराच्या आखणीत होते. प्रत्येक टोळीची ए-फ्रेम (समपातळी रेष आखायची, ओळंबा लटकवलेली A आकाराची चौकट) त्याच दोन खुंट्यांवर तपासून घ्यावी: ओळंब्याची दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण, पाय अदलाबदल करून दुसरी खूण, दोन्हींच्या मधोमध समपातळी. हे टाळलं तर दोन टोळ्यांच्या रेषा जुळत नाहीत, पाणी सखल टोकाला साचतं आणि उताराच्या बाजूचा भराव तिथेच फुटतो.

शेवटी तोच नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतो. चर झाला की त्या टोळीनेच आपली रेष तिथे भरायची.