दीपकाडीची नोंद करताना

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, दीपकाडी फुलते. कोकणपट्टीची ही प्रदेशनिष्ठ, दुर्मिळ वनस्पती. जूनच्या पहिल्या पावसात कातळावरच्या मूठभर मातीतला तिचा कांदा जागा होतो, पांढऱ्या फुलांची काडी वर येते आणि थोड्याच दिवसांत सगळं आटोपतं. शेजारच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली तेव्हा मी ठरवलं, गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, तिचं नाव चढवायचंच.

अर्ज लिहिणं, फोटो काढणं सोपं गेलं. अडलं ते ग्रामपंचायतीत. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली ही नोंदवही ठेवायला गावोगावी जैवविविधता समिती हवी, आमच्याकडे ती कागदावर होतीही. पण नोंदवही कपाटात आणि किल्ली कोणाकडे ते कोणी सांगेना. पहिल्या खेपेला म्हणाले, "नोंदवही पूर्ण झाली आहे." दुसऱ्या खेपेला, "सातबारावर ती जमीन पोटखराब आहे, तिथे काय असणार?" या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. पीक येत नाही म्हणून जमीन खराब? मग तिसऱ्यांदा सांगितलं, झाड उपटून नमुना आणा. मी साफ नकार दिला. नोंद करायला कांदाच उपटायचा, तर नोंद कशाची करायची! चौथ्या खेपेला साहेब सुट्टीवर. तोवर ऑगस्ट उजाडला, सड्यावर दाखवायला एक फूल उरलं नाही, आणि "आता पुढच्या जूनला या" हे ऐकून मी घरी आलो.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच अर्ज दिला आणि पोच घेतली. हे आधी सांगायला हवं होतं: आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. समितीतल्या दोन बायकांना पाऊस पडल्याच्या आठवड्यातच सड्यावर नेलं. त्यातल्या एका काकींनी लांबूनच ओळखलं. गुरांमागे फिरताना त्यांनी ती लहानपणापासून पाहिली होती. मासिक सभेत त्याच बोलल्या आणि ठराव झाला.

फोटोत फुलाशेजारी पट्टी ठेवा, तारीख दिसू द्या. नेमकी जागा मात्र सगळीकडे पाठवू नका, कांदे उकरून नेणारे असतात. आणि बूट जपून टाका, पानं गवतासारखीच दिसतात.

नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो मी फोनमध्ये ठेवला आहे. स्थानिक नावाच्या रकान्यात काकींच्याच हातचं अक्षर आहे: दीपकाडी.